उकिरड्यावरून उठविलेल्याने कोठे बसावे?

परमेश्वर उकिरड्यावर पडलेल्या दरिद्री मनुष्यास उचलून घेतो व थोरामोठ्यांमध्ये त्याची जागा करितो, असा आशय 113 व्या स्तोत्रात आला आहे. आणि त्याच्याही पूर्वी तो शमुवेलाची माता हन्ना हिच्या प्रार्थनेत आला आहे. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हे वचन ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. तथापि त्यावर उपदेश होतो तेव्हा उचलण्याविषयी पुष्कळ बोलले जाते व बसविण्याविषयी फार थोडे. त्या दुसऱ्या अर्ध्याविषयी आम्हांस आज वाचकांशी बोलावयाचे आहे, आणि बोलण्याचे निमित्त अगदी घरगुती आहे. ते निमित्त म्हणजे कचरा.

तालुक्याच्या गावी एस. टी. च्या थांब्यावर, बाजाराच्या ओट्यांवर, पुलाखाली, आणि कधीकधी आपल्याच उपासनामंदिराच्या पायऱ्यांवर रात्र काढणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. 2011 च्या खानेसुमारीत ह्या देशात सुमारे 17 लाख 70 हजार माणसे बेघर आढळली. ही माणसे शहरात उगवली नाहीत. कोणी दुष्काळाने, कोणी कर्जाने, कोणी दारुड्या नवऱ्याच्या माराने आपल्यासारखीच खेडी सोडून तेथे गेलेली आहेत. त्याच तालुक्याच्या गावी दररोज घराघरांतून भाजीची देठे, फळांच्या साली व उष्टे अन्न बाहेर पडते, बाजारातून सडका पाला निघतो, आणि हे सर्व गावाबाहेर नेऊन टाकतात. तेथे ते प्लास्टिकासह महिनोन् महिने धुमसत असते. उलट त्याच गावाच्या शिवेपलीकडे आमचे शेतकरी बंधू शेणखतासाठी वणवण करितात, कारण बैल गेले, ट्रॅक्टर आले व गोठे ओस पडले.

तेव्हा ठिकठिकाणी असे सुचविण्यात येते की, बेघर लोकांस हा ओला कचरा गोळा करण्यास व त्याचे खत करण्यास लावावे. गाव स्वच्छ होईल, शेतास खत मिळेल व भुकेल्यास मजुरी मिळेल. ही सूचना ऐकताच कोणाही भल्या मनुष्याच्या तोंडून ‘उत्तम’ हाच शब्द निघेल. आमच्याही तोंडून तोच निघतो. परंतु तो निघाल्यावर मन स्वस्थ बसत नाही.

कारण आमच्या मंडळीतील एखादे वृद्ध गृहस्थ हे ऐकून काय म्हणतील ते आम्ही जाणून आहो. ते म्हणतील, “पाळकसाहेब, आमच्या आज्याने झाडू टाकला, मेलेले जनावर ओढणे टाकले, त्यापायी बलुते बुडाले, पाटलाचा मार खाल्ला. आणि आता तुम्ही पुण्यकर्म म्हणून दुसऱ्या कोणा दुबळ्याच्या हाती तोच झाडू देणार काय?” ह्या प्रश्नास हसून चालणार नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पूर्वज वतनाच्या जोखडाखाली होते. गावाची घाण काढणे, वेस झाडणे, ढोर ओढणे ही कामे त्यांनी पत्करलेली नव्हती. ती जन्माबरोबर मानेवर आलेली होती. डॉ. आंबेडकर ह्यांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल मांडले तेव्हा त्यांचा झगडा ह्याच गोष्टीशी होता, आणि ती वतने कायद्याने नाहीशी होण्यास 1958 साल उजाडावे लागले. अशा लोकांना कचऱ्याच्या कामातील पुण्य शिकविण्यास जाणाऱ्याने आधी पायांतील जोडे काढून उभे राहावे.

तर मग ते काम मुळातच हीन आहे काय? येथे आमचे मत स्पष्ट आहे. कचऱ्यात हीनपणा नाही, व त्याचे खत करणाऱ्याच्या हातातही नाही. प्रभूने अंजिराच्या झाडाचा दृष्टांत सांगितला, त्यात झाड तोडू नका, मी भोवती खणून खत घालतो, असे धन्यास विनविणारा जो माळी आहे त्याच्याच ठायी आमच्या तारणाऱ्याचे दर्शन घेण्याची मंडळीची जुनी चाल आहे. खताने हात भरलेला तो माळी कोणास हीन वाटला नाही. हीनपणा येतो तो ‘घाण करणारे आम्ही आणि काढणारा तो’ ह्या वाटणीतून. ती वाटणी जेथे पक्की झाली तेथे मजुरी चांगली असली तरी जोखड ते जोखडच. आणि ती जेथे मोडली तेथे तेच फावडे, तेच घमेले वेगळ्या अर्थाचे होते.

दुसऱ्याही बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो, सांगावयास वाईट वाटते, आपल्या सुखवस्तू सभासदांकडून येतो. ते म्हणतात की हे लोक आळशी आहेत, ह्यांना काम नको, भीक हवी. आणि लागलीच पौलाचे थेस्सलनीकाकरांस लिहिलेले दुसरे पत्र काढतात. त्या ठिकाणी प्रेषिताने ज्यास काम करण्याची इच्छा नाही त्याच्याविषयी लिहिले आहे. ज्यास कोणी काम देत नाही त्याच्याविषयी नव्हे. त्या दुसऱ्या मनुष्याची गोष्ट मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. दिवस मावळण्यास एक तास उरला असता द्राक्षमळ्याच्या धन्याने बाजारात रिकामे उभे असलेल्यांस कारण विचारले, तेव्हा आपणांस कोणी कामावर बोलाविलेच नाही असे त्यांनी सांगितले. धन्याने त्यांना आळशी म्हटले नाही. त्याने त्यांना मळ्यात पाठविले व दिवसाची पुरी मजुरी दिली.

मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ ह्यांनी ह्याच प्रश्नावर 1890 साली इंग्लंडात एक मोठी योजना पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लंडन शहरातील बेकार व बेघर माणसांच्या टोळ्या करून त्यांनी घरोघर जावे, उष्टे, चिंध्या, बाटल्या, कागद असे टाकाऊ जिन्नस गोळा करावे व त्यांतून त्यांची उपजीविका व्हावी, असे एक प्रकरण त्यात आहे. भाडोत्री गाडीचा घोडा रस्त्यात पडला तर लोक त्याला उठवितात, आणि जिवंत आहे तोवर त्याला दाणा, तबेला व काम मिळते; मनुष्यास निदान तेवढे तरी मिळावे, हे बूथसाहेबांचे म्हणणे आजही काळजास झोंबते. पुढच्याच वर्षी त्यांच्या फौजेने हॅडले येथे जमीन घेऊन शहरातील निराधारांस शेतीवर लाविले. हे सर्व कार्य धन्य होय. तरी त्याच वेळी हक्स्ले नामक शास्त्रज्ञाने, जो आमच्या विश्वासाचा नव्हता, असा आक्षेप घेतला की ह्या योजनेत गरिबांनी एका मनुष्याच्या हुकुमात मुकाट्याने राहावयाचे आहे. आक्षेप घेणारा बाहेरचा म्हणून तो फेकून द्यावा असे आम्हांस वाटत नाही. घोड्याला दाणा, तबेला व काम मिळते हे खरे; परंतु घोड्याला कोणी पंक्तीत बसवीत नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती उपदेशकांच्या तोंडी सहज येण्यासारखी आहे. ‘जसा टाकून दिलेला कचरा खत होऊन उपयोगी पडतो, तशी टाकून दिलेली माणसे उपयोगी पडतील’ असा दाखला देण्याचा मोह होतो. कृपा करून तो देऊ नये. मनुष्य हा कचरा नाही, व उपयोगी पडल्याने त्याची किंमत ठरत नाही. थांब्यावर निजणाऱ्यांत वेडसर माणसे असतात, क्षयाने खंगलेली असतात, सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या असतात. त्यांच्याने फावडे उचलणार नाही. फावडे न उचलणाऱ्यास भाकर नाही असा नियम ज्या दिवशी होईल त्या दिवशी हे कार्य ख्रिस्ती राहणार नाही. बूथसाहेबांच्या निवाऱ्यांत राहणाऱ्याकडून थोडे पैसे नाही तर थोडे श्रम घेण्याची वहिवाट होती. भिकेची सवय लागू नये व मनुष्याचा मान राहावा हा त्यांचा हेतू आम्ही ओळखतो. पण भाकर आधी व काम मागून, आणि एकाचा दुसऱ्याशी सौदा नाही, हाच क्रम आम्हांस सुरक्षित वाटतो.

आता त्या कामाकडे जरा जवळून पाहू, कारण काम हलके समजणारे बहुधा ते कधी पाहिलेले नसतात. आज जगभर कंपोस्टाची जी शास्त्रीय रीत ‘इंदूर पद्धत’ ह्या नावाने ओळखली जाते ती अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी 1924 ते 1931 ह्या काळात इंदूर येथे बसविली. आणि 1931 साली तिजवर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीने यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व लाकडाची राख ह्यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, आणि तीन वेळा परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करावयाचे, असा तिचा सारांश. हॉवर्ड ह्यांनी आपण पौर्वात्य शेतकऱ्यांपासून शिकलो हे लपविले नाही. म्हणजे ही विद्या आमच्याच उकिरड्यावरून उठून विलायतेस गेली आणि मानाने परत आली!

गावातील ओल्या कचऱ्यासही हीच रीत थोड्या फरकाने लागते. नुसते उष्टे व साली रचल्या तर ढीग चिकट होतो, आत हवा जात नाही, दुर्गंधी सुटते व माशा होतात. म्हणून ओल्याइतकाच कोरडा पाला त्यात मिसळावा लागतो. शेणकाला शिंपडावा लागतो. मूठभर माल दाबून पाहावा. पाणी ठिबकले तर ओल फार झाली, मूठ उघडताच भुगा झाला तर कमी पडली. लोखंडी सळई ढिगात खुपसून थोड्या वेळाने काढावी; ती हाताला सोसवेनाशी तापली असेल तर ढीग नीट चालला आहे, आणि त्या उष्णतेनेच रोगाचे जंतू व तणाचे बी मरते. ऊन ओसरले की ढीग परतावा. तयार खतास पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो, उष्ट्याचा येत नाही. हे सर्व ज्याच्या हातात व नाकात बसले तो मजूर राहिला नाही, कारागीर झाला. आम्ही असे ढीग पाहिले आहेत, व त्यांवर काम करणारी माणसे विचारणाऱ्यास किती आनंदाने समजावून सांगतात तेही पाहिले आहे. ज्याला वर्षानुवर्षे कोणी ‘सरक’ ह्यापलीकडे शब्द बोलले नाही, त्याला लोक खताविषयी प्रश्न विचारू लागतात, ह्याचे मोल मजुरीत मोजता येत नाही.

परंतु ह्या सगळ्या विद्येचा घात एका गोष्टीने होतो. घरातून कचरा येतानाच त्यात प्लास्टिक, फुटकी काच, औषधाच्या सुया व अंगास लागलेली फडकी मिसळलेली असतात. मग कोणीतरी ते हाताने निवडावे लागते. हा ‘कोणीतरी’ कोण? येथे मघाच्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर लपलेले आहे. घरधन्याने किंवा घरधनिणीने आपल्या स्वयंपाकघरात दोन बादल्या ठेवून ओले व सुके आपल्या हाताने निराळे केले, काच व सुया कागदात गुंडाळून खूण करून वेगळ्या दिल्या, तर घाणीचा पहिला स्पर्श घाण करणाऱ्याचा झाला. वाटणी तेथे मोडली. 2016 साली सरकारने केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांतही घरातच वर्गवारी करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली होती. पण नियमाने जे होत नाही ते मंडळीच्या लाजेने व प्रीतीने व्हावे अशी आमची अपेक्षा आहे. जे घर दोन बादल्या ठेवीत नाही त्याचा कचरा घेऊ नये, मग ते घर पंचाचे असो की पाळकाचे. आणि मैल्याची गोष्ट तर ह्यात बोलूच नये. हाताने मैला उचलावयास लावणे कायद्याने मना आहे व देवाच्या दृष्टीने ते त्याच्याही पूर्वीपासून मना होते.

पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापिली, व तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने 2008 पासून महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा नेण्याचे काम चालविले. त्यांतील बहुतेक स्त्रिया आहेत, व बहुतेक दलित समाजांतील आहेत. त्या बेघर होत्या असे नव्हे. पण आमच्या प्रश्नाला त्यांचे उदाहरण फार जवळचे आहे. काम तेच राहिले. बदलले ते हे की संस्था त्यांची स्वतःची, घरामागचा दरमहाचा मोबदला ठरलेला, छातीवर ओळखपत्र, आणि करार करावयास बसताना मेजाच्या एका बाजूस त्या बसलेल्या. बसलेल्या, हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा.

स्तोत्रकर्त्याच्या बोलण्यातही उठविलेला मनुष्य थोरांमध्ये बसतो. त्याला थोड्या मजुरीवर पुन्हा उकिरड्यावर धाडून देणे हे त्या वचनाचे पालन कसे होईल? आमचे उत्तर असे की, थोरांनीच उकिरड्यापर्यंत यावे. नहेम्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. ती वाचताना आपण बहुधा पाने उलटतो. त्यात कोणी याजक आहे, कोणी सोनार, कोणी गांधी, कोणी आपल्या मुलींसह बांधणारा. आणि ज्या वेशीतून शहराची सारी घाण बाहेर जात असे ती उकिरडा वेस कोणी बांधली? रेखाबाचा पुत्र मल्कीया ह्याने, आणि तो एका प्रांताचा अधिकारी होता. त्याच अध्यायात तकोवाच्या सरदारांनी कामास मान वाकविली नाही असाही शेरा आहे. अधिकारी उकिरड्याच्या वेशीवर, आणि सरदार घरी! दोघांचीही नावनिशी देवाच्या ग्रंथात राहिली.

आता पैशाची बाजू, जी उत्साहाच्या भरात बहुधा विसरली जाते. समजा, 200 घरे आहेत व घरामागे रोजचा अर्धा किलो ओला कचरा निघतो. म्हणजे रोजचे 100 किलो, तीन महिन्यांचे 9000. कुजून त्याचा चौथा हिस्सा उरला तर 2250 किलो खत झाले. किलोस पाच रुपये धरले तर 11,250 रुपये; महिन्यास पावणेचार हजार. एवढ्यात एका माणसाचाही संसार चालणार नाही. खत विकून बेघरांस पोसू असे जो म्हणतो त्याने हिशेब केलेला नाही. परंतु त्याच घरांनी दरमहा 60 रुपये दिले तर 12,000 येतात, आणि मग दोन माणसांच्या अर्ध्या दिवसाच्या कामास काही आकार येतो. आपला कचरा कोणी फुकट न्यावा ही अपेक्षा जुन्या बलुत्याहूनही कंजूस आहे. बलुत्यात निदान पेंढी तरी मिळत असे.

शिवाय खत तीन महिन्यांनी पिकते, भूक रोज लागते. उघड्यावर निजणाऱ्यास महिनाअखेरचा पगार म्हणजे न मिळालेला पगार, कारण तोवर तो जगावा कसा? आणि साठवावे तर कोठे? रात्री उशाचे गाठोडे चोरीस जाते. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे असे सांगितले आहे ते ह्याच माणसांस डोळ्यांपुढे ठेवून सांगितले असावे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांची रक्कम मंडळीने आधीच बाजूस काढली पाहिजे. कापणीच्या सणास धान्याच्या अर्पणाचा जो लिलाव होतो त्याचा एक भाग ह्या कामी लावण्यास हरकत नसावी. कामगारास हातपाय धुण्यास पाणी व साबण, कामाचे जोडे व हातमोजे, गाठोडे ठेवण्यास कुलुपाची पेटी, आणि आधारपत्र व बँकेचे खाते काढून देण्यास लिहितावाचता येणारा एक तरुण, ही व्यवस्था खड्डा खणण्याच्या आधीची आहे.

जागेविषयी म्हणाल तर आपल्या पुष्कळ मंदिरांची आवारे प्रशस्त आहेत व त्यांत चिंच, कडुनिंब, वड उभे आहेत. सावली पाहावी, विहिरीपासून दूर व उंचवट्यावर पाहावी. पाऊस सरल्यावर आरंभ करावा, म्हणजे शिशिराची पानगळ पुढे कोरड्या पाल्यासाठी कामी येते. पहिले खत गावोगावच्या आपल्याच शेतकऱ्यांनी रोख पैसे देऊन घ्यावे, उधारी नको. देखरेखीस पाच जणांची पंचायत असावी व तीत निदान दोन जण ढिगावर काम करणारे असावे. ते ख्रिस्ती आहेत की नाहीत हे विचारू नये, आणि त्यांना सभेत दाराशी उकिडवे बसू देऊ नये. ढीग परतण्याच्या दिवशी इतर तिघांनीही फावडे घ्यावे. ते तिघे कोण, ह्याचा निर्णय प्रत्येक मंडळीने येत्या सभेत करावा, आणि पाळक व उपदेशक ह्यांची नावे त्यात नसतील तर का नाहीत, हे सभासदांनी उघड विचारावे.